घरच्या ईव्ही चार्जरला सरकारी अनुदान मिळतं का?

प्रश्न असा आला आहे: "वाकडला सात मजली सोसायटीत राहतो. पुढच्या महिन्यात इलेक्ट्रिक गाडी हातात येतेय. शोरूमवाले म्हणतात, घरच्या चार्जरवर सरकारचे दहा हजार मिळतात, फॉर्म भरायचा फक्त. मेव्हणा इंग्लंडात असतो, तो म्हणतो तिकडे मिळतात, म्हणजे आपल्याकडेही असणारच. सेक्रेटरी म्हणतात आधी एनओसी, मग पुढचं. मीटर रूमपासून माझं पार्किंग चाळीसेक मीटरवर आहे. अनुदान कुठून आणि कसं घ्यायचं?"

आधी सरळ उत्तर देतो. महाराष्ट्रात स्वतःच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या गाडीसाठी बसवलेल्या चार्जरला थेट अनुदान देणारी योजना आज नाही. दहा हजारांचा आकडा मात्र हवेतून आलेला नाही. २०२१ च्या राज्य ईव्ही धोरणात स्लो चार्जरला खर्चाच्या ६० टक्के, जास्तीत जास्त १०,००० रुपये, अशी तरतूद पहिल्या १५,००० चार्जरसाठी होती. ती सार्वजनिक आणि अर्ध-सार्वजनिक (म्हणजे अनेकांच्या सामायिक वापराच्या) चार्जिंगसाठी होती आणि त्या धोरणाची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली. घरच्या चार्जरसाठी त्या धोरणात होतं ते एवढंच, की महापालिकांनी मालमत्ता करात सवलत देण्याचा विचार करावा. २०२५ चं नवं धोरण गाडीची खरेदी, मोटार वाहन कर, अटल सेतू, समृद्धी आणि पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरची टोलमाफी आणि रस्त्यावरची चार्जिंग स्टेशनं यांच्याबद्दल बोलतं. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये ठेवले आहेत, पण तेही सार्वजनिक चार्जरसाठीच.

तेव्हा कुणी "फाईल करून देतो, दोन हजार द्या" म्हणालं तर देऊ नका. आणि अनुदान येईल म्हणून काम थांबवूनही ठेवू नका.

मेव्हण्याचं म्हणणंही अर्धं बरोबर आहे. ब्रिटनमध्ये स्वतंत्र घराच्या मालकाला चार्जरसाठी ३५० पौंडांपर्यंत मिळायचे, ती सोय ३१ मार्च २०२२ ला बंद झाली. त्यानंतर योजना वळली ती फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांकडे आणि भाडेकरूंकडे. तिथे पैसे तुमच्या खात्यात येत नाहीत. सरकारमान्य इन्स्टॉलर ते परस्पर घेतो आणि तेवढी रक्कम तुमच्या बिलातून वजा करतो. मान्यता नसलेल्या माणसाकडून काम करून घेतलं की हक्क गेला. अमेरिकेत नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे ३० टक्के, कमाल १,००० डॉलरची करसवलत होती, तीही ठरावीक भागांतल्या घरांनाच आणि ३० जून २०२६ पर्यंत बसवलेल्या चार्जरलाच.

आपल्या देशात घरच्या चार्जरला खरोखर पैसे दिल्याचं ठळक उदाहरण म्हणजे दिल्ली. ऑगस्ट २०२० च्या दिल्ली ईव्ही धोरणात पहिल्या ३०,००० चार्जिंग पॉइंटना प्रत्येकी ६,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवलं होतं आणि सोसायट्या, दुकानं, घरं सगळ्यांना ते खुलं होतं. मला त्यातली आवडलेली गोष्ट रकमेची नाही, पद्धतीची आहे. माणसाने वीज कंपनीच्याच पोर्टलवर जायचं, मान्य यादीतला चार्जर निवडायचा, अनुदान वजा करून उरलेले पैसे भरायचे. चार्जर, जोडणी आणि ईव्हीचा वेगळा मीटर एकाच अर्जात. आपल्याकडे हे तीन काम तीन ठिकाणी फिरून करावं लागतं. महाराष्ट्राने दिल्लीची ती एक खिडकी जरी उचलली असती, तरी सहा हजारांपेक्षा जास्त फायदा झाला असता.

आता तुमच्या खिशात खरंच काय पडू शकतं ते बघू. मला यात तीन जागा दिसतात. तिसरी सर्वात मोठी आहे आणि तिच्याबद्दल कुणी विचारतच नाही.

पहिली जागा बिलाची. ऑगस्ट २०१९ पासून ईव्ही चार्जरवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. केबल, एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच), पाइप आणि मजुरी यांचा दर वेगळा. अनेक ठेकेदार "चार्जर व फिटिंग, एकरकमी" अशी एकच ओळ टाकतात आणि सगळ्यावर १८ लावतात. कोटेशन घेतानाच सांगा की चार्जरची ओळ वेगळी हवी, तिच्यावर ५ टक्के हवेत. ४०,००० च्या चार्जरवर हा फरक ५,२०० रुपयांचा होतो. दिल्लीचं अनुदान ६,००० होतं, म्हणजे जवळपास तेवढंच तुम्हाला नुसतं बिल नीट लिहून घेतल्याने मिळतं. आयकरातली ८०ईईबीची दीड लाखांची वजावट अजून सांगितली जाते, पण ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या वाहनकर्जाच्या व्याजावरची आहे. नव्या गाडीला नाही, चार्जरला तर कधीच नव्हती.

दुसरी जागा वीजबिलाची, आणि इथे थोडा वेळ देऊन गणित करा. घरच्या मीटरवरून स्वतःची गाडी चार्ज केली तर घरगुती दरच लागतो. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात आणि आपल्या वीज नियामक आयोगाचे दर आदेशही तेच सांगतात. घरच्या जोडणीवरून चार्जिंग करायला वेगळी परवानगी लागत नाही. अडचण येते ती टप्प्यांची. महावितरणचा घरगुती दर ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असा चढत जातो. समजा तुमचं घर महिन्याला २२० युनिट खातं. गाडी महिन्याला हजार किलोमीटर चालली तर एका युनिटला सहा-सात किलोमीटर धरून आणि चार्जिंगमधली गळती मिळवून १७० युनिट लागतात. एकूण झाले ३९०. गाडीचे ८० युनिट जुन्याच टप्प्यात बसले, ९० पुढच्या महाग टप्प्यात गेले. उन्हाळ्यात एसी सुरू झाला की गाडीचे सगळेच युनिट वरच्या टप्प्यात जातात.

यावर उपाय म्हणजे ईव्हीची वेगळी जोडणी. आयोगाने ईव्ही चार्जिंगसाठी वेगळी वर्गवारी ठेवलेली आहे. तिथे टप्पे नाहीत, मात्र स्थिर किंवा मागणी आकार (युनिटांव्यतिरिक्त दरमहा भरायची रक्कम) वेगळा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. आता मागेल त्याला ईव्हीसाठी वेगळी जोडणी द्यावी लागते, आणि पूर्ण अर्ज आल्यापासून नवीन जोडणीची मुदत महानगरांत ३ दिवस, इतर पालिका क्षेत्रांत ७ दिवस, ग्रामीण भागात १५ दिवस केली आहे. प्रत्यक्षात कागद "पूर्ण" ठरण्यातच वेळ जातो, म्हणून अर्ज गाडी यायच्या आधी टाका.

वेगळा मीटर कुणी घ्यावा? घर आणि गाडी मिळून वर्षातले बहुतेक महिने ३०० च्या आत राहत असतील तर घरचाच मीटर बरा. स्कूटरवाल्यांनी तर या भानगडीत पडूच नये. महिन्याला वीस-पंचवीस युनिटांसाठी दुसरा स्थिर आकार कशाला भरायचा? तुमच्यासारखं ४०० च्या आसपास जात असेल तर शेवटची बारा बिलं समोर ठेवा, चालू दर आदेशातले दोन्ही वर्गवारींचे आकडे घ्या आणि स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क धरून बेरीज करा. अर्ध्या तासाचं काम आहे. मुंबईत अदानी, टाटा, बेस्ट यांचे दर वेगळे, तिथे त्या-त्या कंपनीचा आदेश बघायचा.

आणखी एक गोष्ट, जी अलीकडे बदलली. १ जुलै २०२५ पासून महावितरणने स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत वापरलेल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत सुरू केली. ईव्ही रात्रीच चार्ज करायची असं सगळ्यांच्या डोक्यात बसलं आहे. पण दुपारी सौर वीज मुबलक असते, म्हणून स्वस्ताई आता दिवसा आहे. गाडी शनिवार-रविवारी घरी उभी असेल, किंवा तुम्ही घरून काम करत असाल, तर चार्जरच्या ॲपमध्ये सकाळी साडेनऊचं टायमर लावा आणि पुढच्या बिलावर सवलत दिसते का ते तपासा.

आता तिसरी जागा. पीएम सूर्यघर ही छतावरच्या सौर पॅनलना अनुदान देणारी केंद्राची योजना. ती फक्त बंगल्यांसाठी आहे, असा समज आहे. बंगलेवाल्याला मिळतंच: पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे तीन किंवा जास्त किलोवॉटला कमाल ७८,००० रुपये. गावाकडे किंवा स्वतंत्र घरात राहणाऱ्यांनी चार्जरचं अनुदान शोधणं सोडून हे घ्यावं. तीन किलोवॉट आपल्या उन्हात महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट देतात, त्यात गाडी आणि घराचा बराच भाग निघतो.

पण त्याच योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांसाठी वेगळं कलम आहे. सामायिक सुविधांसाठी बसवलेल्या सौर प्रकल्पाला किलोवॉटमागे १८,००० रुपये, घरामागे तीन किलोवॉट धरून एकूण ५०० किलोवॉटपर्यंत. आणि त्या सामायिक सुविधांमध्ये लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्या जोडीला ईव्ही चार्जिंगचा उल्लेख स्पष्ट शब्दांत केलेला आहे. घरच्या चार्जिंगपर्यंत पोहोचणारं खरं सरकारी अनुदान हेच आहे.

आकडे मांडून बघा. तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर २० किलोवॉट बसले तर अनुदान ३,६०,००० रुपये. वीज महिन्याला सुमारे २,४०० युनिट. वर धरलेल्या हिशेबाने त्यात चौदा गाड्या चालतात, किंवा सहा गाड्या चालून लिफ्ट-पंपाचं बिलही बरंच खाली येतं. अट अशी की पॅनल देशी बनावटीच्या सेलचे हवेत, काम योजनेच्या पोर्टलवर नोंदवलेल्या विक्रेत्याकडूनच व्हायला हवं, आणि महावितरणने तपासणी करून नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) बसवल्यावर रक्कम सोसायटीच्या बँक खात्यात येते. आधी पॅनल लावून नंतर अर्ज केला तर चालत नाही. योजनेचा कालावधी २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे, म्हणून पुढच्या सर्वसाधारण सभेची वाट न बघता विशेष सभा बोलवायला सांगा.

यातून एनओसीचा प्रश्नही सुटतो, निदान मवाळ होतो. तुमच्या सेक्रेटरींची बाजू मी समजू शकतो. एका सभासदाने मीटर रूममधून केबल ओढली, उद्या आणखी दहा जण ओढतील, भिंतीवर केबलींचं जंजाळ होईल, आग लागली तर जबाबदार कोण? हे प्रश्न खोटे नाहीत. जोडणी मिळणं हा तुमचा हक्क आहे, पण केबल ज्या भिंतीवरून जाते ती सगळ्यांची आहे. म्हणून सभेपुढे "मला परवानगी द्या" असा अर्ज घेऊन जाऊ नका. सोसायटीसाठी प्रस्ताव घेऊन जा: मीटर रूमजवळ ईव्हीच्या स्विच-मीटरची एक वेगळी पेटी, पार्किंगच्या छताखालून एकच केबल ट्रे, पुढे ज्याला चार्जर हवा त्याने त्या ट्रेमधूनच केबल न्यायची, काम लायसन्सधारक विद्युत ठेकेदाराकडून आणि त्याचा चाचणी अहवाल सोसायटीच्या फाइलला. सोबत गच्चीवरच्या सौर प्रकल्पाचं अनुदान. इतर सभासदांना स्वतःच्या देखभाल खर्चात घट दिसली की गाडी नसलेला माणूसही हात वर करतो. मी काम केलेल्या सोसायट्यांत ठराव मंजूर झाले ते असेच.

पार्किंगच्या वाटपाचं पत्र मात्र आधी हातात घ्या. स्टिल्ट पार्किंग (इमारतीखालचं खांबांमधलं पार्किंग) ही सामायिक जागा आहे, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केलं. त्यामुळे करारनाम्यातल्या ओळीपेक्षा सोसायटीचं वाटपपत्र जोडणीच्या अर्जाला जास्त उपयोगी पडतं. फिरती पार्किंग (ठरावीक काळाने जागा बदलणारी) असलेल्या सोसायटीत तर वैयक्तिक चार्जर लावूच नये. तिथे दोन-तीन सामायिक पॉइंट आणि प्रत्येकाच्या कार्डावर युनिटांची नोंद हाच मार्ग.

आता लोडकडे येऊ, कारण बहुतेक लोकांचे पैसे इथे वाया जातात. शोरूममध्ये ७.४ किलोवॉटचा वॉलबॉक्स (भिंतीवरचा चार्जर) गळ्यात मारतात. तुमच्या वीजबिलावर "मंजूर भार" बघा, दोन-तीन बेडरूमच्या घरात तो तीन ते पाच किलोवॉट असतो. ७.४ चा चार्जर लावायचा तर भार वाढवावा लागतो, बहुतेक वेळा थ्री-फेज घ्यावं लागतं, स्थिर आकार वाढतो, केबल जाड लागते. आणि गरज किती? हजार किलोमीटर महिन्याला म्हणजे रोज साडेपाच-सहा युनिट. ३.३ किलोवॉटच्या साध्या चार्जरला त्यासाठी दोन तासही पुरतात. रोज शंभर-दीडशे किलोमीटर धावणारी गाडी असेल तर ७.४ घ्या, नाहीतर ३.३ पुरे. सोसायटीच्या ट्रान्सफॉर्मरलाही हेच झेपतं. समजा साठ फ्लॅटची सोसायटी आहे आणि सगळेच ७.४ वर गेले तर ४४४ किलोवॉट होतात, तेवढं कुठल्याच सोसायटीत शिल्लक नसतं.

तुमचे चाळीस मीटर इथे महत्त्वाचे आहेत. ७.४ किलोवॉट म्हणजे ३२ अँपिअर. जायला-यायला मिळून ८० मीटर तांबं. चार एमएमच्या (म्हणजे चार चौरस मिलिमीटर छेदाच्या) केबलमध्ये जवळपास १२ व्होल्ट वाटेतच जातात, सहा एमएममध्ये ८, दहा एमएममध्ये ५ च्या आत. सहा एमएममधले ते ८ व्होल्ट म्हणजे चार्जिंग चालू असेपर्यंत अडीचशे वॅट नुसती केबल तापवायला, आणि त्याचं बिल तुम्ही भरणार. म्हणून या अंतरावर ७.४ ला दहा एमएमची आर्मर्ड (धातूचं कवच असलेली) केबल, ३.३ ला सहा एमएमची. गाडीबरोबर "मोफत इन्स्टॉलेशन" असेल तर त्यात किती मीटर केबल धरली आहे ते लेखी घ्या. ठरलेल्या मीटरच्या पुढचा दर बाजारापेक्षा चढा असतो.

सुरक्षेच्या बाबतीत मी तडजोड करत नाही, तुम्हीही करू नका. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या नियमांत चार्जिंगसाठी प्रत्येक पॉइंटला ३० मिलिअँपिअरचं गळतीरोधक संरक्षण (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवं, ते किमान टाइप-ए हवं. बाजारात स्वस्त मिळतं ते टाइप-एसी; पेटीवरचं चिन्ह बघून घ्या, टाइप-एसीच्या चौकटीत एकच लहर असते, टाइप-एच्या चौकटीत लहरीखाली दोन कुबड असतात. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर वर हवं. पावसाळ्यात स्टिल्टमध्ये पाणी शिरणाऱ्या सोसायट्यांनी ते आणखी वर घ्यावं. आणि एक्स्टेन्शन बोर्ड वापरायचा नाही, हेही नियमातच लिहिलेलं आहे. साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर रोज पाच-सहा तास गाडी लावली की काही महिन्यांत पिनांभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊ लागतं आणि जळका वास येतो. तो वास आला की त्याच क्षणी चार्जिंग बंद. त्या जागी औद्योगिक पद्धतीचं निळं १६ अँपिअर सॉकेट लावा, वायरच्या टोकांना तांब्याच्या लग (जोडणीच्या टोप्या) नीट दाबून बसवून.

अर्थिंगचं मोजमाप स्वतःसमोर करून घ्या. मल्टिमीटरने फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. जुन्या इमारतींत हा आकडा दहा-पंधरा दाखवतो, मग चार्जरवर लाल दिवा लागतो आणि गाडी चार्जिंग घेत नाही. लोक गाडी सर्व्हिस सेंटरला नेतात. दोष गाडीत नसतो, इमारतीच्या अर्थ पिटमध्ये, म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्यात असतो. अर्थ पिन तोडून किंवा न्यूट्रलला अर्थ जोडून दिवा घालवून देणारे वायरमन आहेत. तसं करणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. त्यात गाडीच्या पत्र्यात वीज उतरू शकते आणि पार्किंगमध्ये मुलं खेळत असतात.

तुमच्यापुरता क्रम सांगतो. या आठवड्यात बारा बिलांची बेरीज आणि वाटपपत्र. पुढच्या आठवड्यात लायसन्सधारक ठेकेदाराकडून जागेची पाहणी, जीएसटीची ओळ वेगळी असलेलं कोटेशन, आणि भारवाढ किंवा ईव्ही जोडणीचा अर्ज. गाडी आधी आली तर काही दिवस बाहेरच्या चार्जिंग स्टेशनवर भागवा, बाल्कनीतून वायर सोडू नका. सोसायटीच्या सौर प्रकल्पासाठी गच्चीचं क्षेत्रफळ, सामायिक मीटरचा मंजूर भार आणि सभासदांची संख्या एवढी माहिती सेक्रेटरींकडून घ्या. तेवढ्यावर नोंदणीकृत विक्रेता किती किलोवॉट बसतील आणि अनुदान किती येईल ते सांगू शकतो. ते आकडे हाती आले की इथेच लिहा, सभेपुढे ठेवायच्या ठरावाचा मसुदा मी करून देतो.